चौदा नंबरचं टोकन

माझं काम नक्की काय, हे मला आयुष्यभर धड कुणाला सांगता आलं नाही. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारायचं, "तू त्या अणुवीज केंद्रात असतेस ना, काय करतेस तिथे?" मी सांगायचे, तिथे आग लागली तर माणसं काय काय चुकतील ते आधीच शोधून ठेवते. "लागते का आग?" नाही हो. "मग?" या "मग"पुढे माझी बोलती बंद व्हायची. अशा वेळी दादा, माझा मोठा भाऊ, मध्ये पडायचा. म्हणायचा, "आमची बाय पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी होती तेव्हा फुकट काढायची." सगळे हसायचे, मीही हसायचे. मनातून चिडायचेही, खोटं कशाला सांगू.

काम असं होतं. अणुवीज केंद्रात आगीची धास्ती ज्वाळांपेक्षा तारांची जास्त. एकेका खोलीतून शेकडो केबल गेलेल्या असतात. त्या जळाल्या की नियंत्रण कक्षातले काटे आणि दिवे वाटेल ते दाखवायला लागतात. पंप बंद पडलेला असतो आणि दिवा म्हणतो चालू आहे. टाकी भरलेली असते आणि काटा शून्यावर. समोर बसलेला ऑपरेटर हुशार असतो, वर्षानुवर्षं शिकून तिथे बसलेला असतो, पण इतकी वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, काट्यावर विश्वास ठेव. आता काटाच खोटं बोलला तर हा माणूस किती वेळ त्याचं ऐकेल, शंका कधी येईल, आणि शंका आल्यावर खात्री करायला वेळ उरेल का, हे मला अंदाजायचं असे. त्याचे तक्ते असतात. धूर किती, उजेड किती, घाई किती, सराव झालाय का, सोबत कोण आहे. एकेक रकाना भरायचा आणि शेवटी चूक होण्याची शक्यता म्हणून एक आकडा लिहायचा.

आकडा लिहिण्याआधी मी त्या माणसाबरोबर चालून बघायचे. त्याच्या तोंडाला मुखवटा, पाठीवर हवेची टाकी, माझ्या हातात स्टॉपवॉच. नियंत्रण कक्षातून निघून तळमजल्यावरचा एक व्हॉल्व्ह हाताने फिरवायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एक वयस्कर ऑपरेटर मला अजून आठवतात. मी विचारलं, दिवा लाल आहे, म्हणजे पंप चालू, पण पंपाचा आवाज येत नाहीय, काय कराल? ते म्हणाले, "दिवा लाल आहे ना मॅडम, मग झालं." मी म्हटलं, पण आवाज? तर माझ्याकडे असे बघत राहिले की मीच काहीतरी बावळटासारखं विचारलंय. त्या दिवशी मी अहवालात लिहिलं, की घाईत माणूस समोर दिसतं त्याच्यावर भरवसा ठेवतो, शेजाऱ्याला विचारत नाही. वाक्य चांगलं जमलंय असं मला वाटलं होतं. पुढे दोनतीन बैठकांत मी ते वाचूनही दाखवलं.

दादा मुंबईतली नोकरी सोडून रत्नागिरीला परत आला आणि मिरजोळ्याच्या पुढे, कातळावर, त्याने काजूचा छोटा कारखाना घातला. बॉयलर, कापणीची खोली, सोलणीची खोली, तिला लागून पॅकिंग. कामावर वीसेक बायका, सगळ्या आसपासच्या वाड्यांतल्या. कारखाना उघडला तेव्हा मी रजा काढून आले होते. सगळं फिरून बघितलं. काजूच्या टरफलात तेल असतं, ती पेटली की डांबर पेटल्यासारखा काळा धूर करतात. आणि या शहाण्याने टरफलांचा ढीग बॉयलरच्या बाजूलाच रचलेला, भट्टीत टाकायला सोपं जावं म्हणून. मी खूप बोलले. तो म्हणाला, "हलवतो गो, हलवतो." अर्धा ढीग हलवला, अर्धा राहिला. ही चूक त्याची होती आणि ती मी झाकणार नाही.

मग तो म्हणाला, "एवढी तुझी विद्या, आमच्या भट्टीला पण लाव की थोडी." मला काय, तेवढंच हवं होतं. आमच्याकडे धोक्याच्या जागी जाताना दारावरच्या फळ्यावर आपला बिल्ला लावून जायची पद्धत असते. मी तीच पद्धत दादाला घालून दिली. पुढच्या दाराशी लाकडी फळा, फळ्यावर खिळे, प्रत्येक बाईला पितळेचं एक टोकन. आत येताना टोकन खिळ्याला अडकवायचं, बाहेर जाताना काढून घ्यायचं. फळ्यावर टोकन असेल तर माणूस आत आहे. दादाने बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून टोकनांवर नंबर ठोकून आणले. स्वतःला एक नंबरचं टोकन घेतलं. मी बजावलं, मालक असलास तरी तुलाही नियम लागू, मिनिटभर आत गेलास तरी टोकन लावायचं. "होय गो बाय," म्हणाला, "स्वर्गात जाताना पण लावून जाईन."

आगीचा सरावही मीच घेतला. घंटा वाजली की हातातलं टाकायचं, चपला शोधायच्या नाहीत, दारातून जाताना आपलं टोकन ओढायचं आणि गेटाबाहेरच्या आंब्याखाली उभं राहायचं. बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसल्या, पण चारपाच वेळा केल्यावर इतकं सफाईने करायला लागल्या की आमच्या केंद्रातल्या लोकांना लाजवतील. दादाला मी वेगळं बसवून शिकवलं. म्हटलं, त्या वेळी बायकांना विचारत बसू नकोस, घाबरलेला माणूस वाटेल ते सांगतो, नसलेला आहे म्हणतो आणि असलेला नाही म्हणतो. घाबरलेल्या माणसाला विचारू नको, फळ्याला विचार. हे माझे शब्द आहेत. त्याने ते खडूने फळ्याच्या वर लिहून ठेवले आणि त्याचा फोटो मला पाठवला. मी तो फोटो ऑफिसात चार जणांना दाखवला.

आग शिमग्यात लागली. दुपारची वेळ होती. भट्टीतून ठिणगी उडाली आणि तो राहिलेला अर्धा ढीग पेटला. मला फोन आला तेव्हा मी केंद्रातच होते, कुणाचा तरी अहवाल तपासत होते. मिळेल त्या गाडीने निघाले. हातखंब्याच्या फाट्यावर उतरले तर चुलतभाऊ न्यायला आला होता. त्याने खाली बघतच माझी बॅग घेतली, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. मी पोचेपर्यंत त्यांनी दादाला न्यायचं थांबवलं होतं. तोंड झाकलेलं होतं. मी हातच धरला, एवढंच मला धरता आलं.

बायका सगळ्या सुखरूप होत्या. एकीलाही खरचटलं नव्हतं. गेला तो फक्त दादा, आणि सापडला पॅकिंगच्या दाराशी. झालं, लोकांना तेवढं पुरलं. पॅकिंगमध्ये तयार काजूगराचे डबे होते, दोन दिवसांनी जायचे होते. हा बाहेर आलेला बायकांनी पाहिला होता, म्हणजे डब्यांसाठीच परत आत गेला. दहाव्याला आलेली माणसं पाणी पिता पिता हेच बोलत होती, हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं. "लोभ वाईट." "काय न्यायचं होतं बरोबर?" वहिनी आत भांडी पुसत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांचा मुलगा शाळेत जाईना. एकदा रात्री जेवताना वहिनींनी मला विचारलं, "वन्सं, तुम्ही यातलं शिकलाय. ते डब्यांसाठी गेले का?" मी म्हटलं, नाही. "कशावरून?" तर मला सांगता येईना. पुढे चौकशीचा कागद आला. त्यात कारण लिहिलं होतं, मालकाची मानवी चूक. 'मानवी चूक' हे दोन शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील. माझ्या भावाच्या नावापुढे ते वाचले आणि कागद उलटा करून ठेवला.

मग मी कारखान्यात गेले. एकटीच गेले. मागची बाजू पार कोसळली होती, पुढचं दार मात्र शाबूत होतं आणि दारापाशी तो फळाही. काजळीने काळा झाला होता. खिळे सगळे रिकामे होते, दोन सोडून. एका खिळ्यावर एक नंबर. दुसऱ्यावर चौदा.

येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी जणांनी ती दोन टोकनं पाहिली असतील, पण त्यांना ती वाचता येत नव्हती. मला येत होती. दादा बाहेर आला होता, बाहेर येताना त्याने आपलं टोकन काढून घेतलं होतं, सरावासारखं. मग त्याने फळा बघितला. चौदा नंबर आत. तो परत गेला, आणि जाण्याआधी थांबून त्याने आपलं टोकन खिळ्याला लावलं. मागे सगळं धडधडत होतं आणि हा माणूस नियम पाळत होता. मी रडले नाही, मला त्याचा संताप आला. अरे, तेवढं तरी मोडायचं होतंस. आंब्याखाली बायका उभ्या होत्या, वीस पावलांवर. जाऊन विचारलं असतंस तर.

नाही विचारलं, कारण मी सांगितलं होतं विचारू नको.

डोळे मिटून, भिंतीला हात लावून मी दारापासून सोलणीच्या खोलीपर्यंत चालले, जशी ऑपरेटरांना चालवायचे तशी. सराव घेताना पाहिलं होतं, चौदा नंबरची जागा शेवटची, पॅकिंगच्या दाराला लागून. तो तिथपर्यंत पोचला होता. डब्यांकडे नाही, तिच्या जागेकडे.

हजेरीच्या वहीत चौदा नंबरचं नाव बघून मी तिच्या वाडीवर गेले. दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण सुकलेलं होतं. मला बघून ती उठली नाही, होती तिथेच खांबाला टेकली. मी फक्त विचारलं, त्या दुपारी तू कुठे होतीस? ती म्हणाली, "हितंच होते, ताई." आणि मग सगळं सांगत गेली, जणू कुणीतरी विचारावं म्हणूनच बसली होती.

तिच्या वाडीत देवीची पालखी दुसऱ्या दिवशी यायची होती, त्या दिवसाची सुट्टी तिने दादाकडे मागून घेतली होती. पण मधल्या दोन घरांना सुतक आलं, ती घरं सोडून पालखी एक दिवस आधीच पुढे सरकली. दुपारी सासूचा फोन आला, पालखी वरच्या घरी पोचली, आता आपल्याकडे. आदल्या वर्षी सासरा वारला म्हणून यांच्या दारात पालखी आली नव्हती. यंदा देवीची ओटी भरायला घरात सवाष्ण हीच एक. दादाला सांगावं तर तो मागे बॉयलरवरच्या माणसावर ओरडत होता. पाऊण तासात परत येऊ म्हणून ती बाजूच्या कुंपणातून निघाली, अनवाणीच. शेजारी सोलायला बसणाऱ्या बाईला तेवढं सांगितलं आणि बजावलं, "कुणाला सांगू नको." आणि टोकन मुद्दाम फळ्यावरच ठेवलं. काढलं असतं तर रिकामा खिळा दादाला दिसला असता.

"रागावतील म्हणून ठेवलं गो ताई," ती म्हणाली. "मला काय ठाऊक, ते मला शोधाय जातील."

तिच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं. खरंच वाटलं. इतके दिवस गाव माझ्या भावाला लोभी म्हणत होतं आणि ही बया तोंड शिवून बसली होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "बोला. मला कोण बोलत नाय, तेच सहन होत नाय." मी उठले आणि रिक्षाही न बघता चालायला लागले.

चालता चालता राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. माझ्या तक्त्यांत धुराचा रकाना होता, उजेडाचा होता, घाईचा होता. पालखी एक दिवस आधी आली तर काय, असा रकाना नव्हता. बाहेरून आलेल्या कुणा तज्ज्ञाने हे धरलं नसतं तर मी समजू शकले असते. पण मी? मी याच मातीतली. पालखी दाराशी आली की हातातलं पीठ तसंच टाकून आई धावायची, ते बघत मी मोठी झाले. शिमग्यात इथला माणूस मुंबईची नोकरी सोडून येतो, त्यापुढे काजू सोलणं ते काय. खोटं बोलणाऱ्या काट्यांवर मी अख्खं आयुष्य घालवलं आणि माझ्या भावाच्या दाराशी स्वतःच्या हाताने तसलाच एक काटा लावून दिला. वर त्याला सांगितलं, दुसऱ्या कशावर विश्वास ठेवू नको.

हे वहिनींना सांगायला मला आठ दिवस लागले. दादावरचा डाग पुसायचा तर हे सगळं सांगायला हवं होतं, आणि सांगायचं तर फळ्याचं आणि त्या खडूने लिहिलेल्या वाक्याचंही सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज चहात साखर किती घालू असलं काहीतरी विचारून गप्प बसायचे. मी भित्री आहे हे मला त्या आठ दिवसांत कळलं. शेवटी चौदा नंबरचीच ती आपण होऊन आली. दुपारी येऊन अंगणात उभी राहिली, पायरी चढेना. वहिनी पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्या तिला ओळखत होत्या. "ये की वर," म्हणाल्या. ती हलली नाही. मग मात्र मी बोलले. पालखीपासून फळ्यापर्यंत सगळं बोलले. नियम माझा होता, वाक्य माझं होतं, तेही सांगितलं.

वहिनी हात थांबवून ऐकत होत्या. मी गप्प झाल्यावर त्यांनी आधी तिलाच विचारलं, "पालखी भेटली तुला?"

"भेटली."

"ओटी भरलीस?"

"भरली, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मी निरखून बघितलं, नव्हता. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे आत कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं."

"मग ते हाका कोणाला मारत होते?"

हाका? वहिनी खाली बघून सांगायला लागल्या. आंब्याखालच्या बायकांनी आतून दादाचा आवाज ऐकला होता. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. एकदा आला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. बायकांना वाटलं तो मदतीला बोलावतोय, आणि कुणाचीच आत जायची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकीने रडत वहिनींना सांगितलं. तेव्हापासून वहिनींना झोप नव्हती. आपला माणूस बोलावत होता आणि कोणी गेलं नाही, हेच डोक्यात. मला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, मला त्रास होईल म्हणून.

अंगणातली ती पहिल्यांदाच पायरीपाशी आली. "माझं नाव घेत असतील," ती म्हणाली.

वहिनींनी मुठीतले कुळीथ सुपात टाकले. मग मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच शिकवलं होतंत ना त्यांना? घरी येऊन मला करून दाखवत होते. धुरात माणूस शोधायचा तर हाक मारायची, मग जागच्या जागी थांबायचं, कान द्यायचा, काही ऐकू आलं नाही तर एक पाऊल पुढे जायचं आणि परत हाक मारायची."

"हो," मी म्हटलं. "मीच."

"म्हणजे मध्ये मध्ये आवाज येत नव्हता तेव्हा ते ऐकत होते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दर हाकेनंतर तो थांबला असणार, मी शिकवलं तेवढा वेळ, श्वास रोखून. आत ओ द्यायला कुणीच नव्हतं, आणि तो ओ यायची वाट बघत उभा होता.